एकतीस हजार तास चाललेली डिस्क

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात काउंटरवर दोन जुन्या हार्ड डिस्का मांडलेल्या. दोन्ही ४ टीबीच्या, फडक्यानं चकचकीत पुसलेल्या, आणि भाव नव्याच्या निम्म्याहून कमी. मला घरचे फोटो आणि व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. "काहून नवी घेता सर? घेऊन जा बिनधास्त, एकदम चालू कंडिशन हाय," दुकानदार म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. डिस्क लावली की फिरत होती, कॉम्प्युटरला दिसत होती. पण जुन्या डिस्कच्या बाबतीत 'चालू' या शब्दाला फारसा अर्थ नसतो, कारण बंद पडण्याच्या आदल्या दिवशीही ती चालूच असते.

आत काय चाललेलं असतं ते पाहिलं की हे पटतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी काठाशी ताशी १२५ किलोमीटरच्या पुढे धावते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे ही त्याहून पुढेच. तबकडीवर लिहिणारं-वाचणारं डोकं, म्हणजे हेड, तिला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. हे असं वर्षानुवर्षं चालतं याचंच खरं तर नवल.

मी लॅपटॉप आणि डिस्क बाहेरून जोडायचा डॉक सोबत नेला होता. प्रत्येक डिस्क स्वतःची एक डायरी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती ठिकाणी वाचता आलं नाही, सगळं त्यात असतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर ती उघडून दाखवतं. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: त्याच्या तक्त्यातले मूळ आकडे सहसा दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले, म्हणजे हेक्साडेसिमल असतात. तिथं '10' दिसलं तर ते दहा नसून सोळा असतं. आणि सीगेटच्या डिस्कवर 'रीड एरर रेट'समोर भलामोठा आकडा दिसला म्हणून घाबरू नका, त्यात एकूण किती वाचन झालं तेही मिसळलेलं असतं.

पहिल्यांदा पाहायच्या त्या ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळी, तिन्ही खराब जागांच्या. दुसऱ्या डिस्कच्या १९७ समोर नेमकं '10' होतं.

१९७ म्हणजे 'पेंडिंग' सेक्टर. डिस्कनं एक तुकडा वाचायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा तिनं त्यावर खूण करून ठेवली. पुढे त्या जागी काही नवं लिहायची वेळ आली की डिस्क परत तपासते. लिहिलेलं नीट टिकलं तर खूण पुसते, नाहीतर ती जागा कायमची सोडून राखीव जागेतला एक तुकडा तिच्या बदली देते, आणि मग ५ नंबरच्या ओळीत भर पडते.

मी दुकानदाराला आकडा दाखवला. "ते काय नाही भाऊ, रात्रभर झिरो मारून देतो, उद्या या, साफ होऊन जाते." त्याचं तांत्रिक ज्ञान पक्कं होतं. अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली की प्रत्येक पेंडिंग जागेवर काहीतरी लिहिलं जातं आणि १९७ ची ओळ बहुधा कोरी होते. दुखणं तिथंच राहतं, फक्त रिपोर्ट नॉर्मल येतो. ती डिस्क मी काउंटरवरच ठेवली.

पहिलीच्या ५, १९७ आणि १९८ या तिन्ही ओळींत शून्य. चालल्याचे तास ३१,४१२. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे ही साडेतीन वर्षांहून जास्त अखंड चाललेली. सुरू-बंद मात्र फक्त ४६ वेळा. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क रोज उघडझाप करते, हिची झाली नव्हती. ही सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधली, हे लेबल न वाचताही कळत होतं.

पाळतीच्या कॅमेऱ्याची डिस्क ऐकायला भयंकर वाटते, रात्रंदिवस राबलेली. पण हिशेब करून पाहू. आठ कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एकूण १६ मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणून सेकंदाला २ मेगाबाइट, दिवसाला साधारण १७० जीबी. ४ टीबी भरायला जेमतेम तेवीस दिवस, मग पुन्हा पहिल्यापासून वर लिहीत जायचं. एवढ्या तासांत पन्नासेक वेळा डिस्क पूर्ण लिहिली गेली, वर्षाला साठ-पासष्ट टीबी. या प्रकारच्या डिस्कांना कंपन्या वर्षाला १८० टीबीपर्यंतचं काम मंजूर करतात. म्हणजे डिस्क जागी होती, पण दमलेली नव्हती. शिवाय पन्नास वेळा कोपरान् कोपरा लिहून झालेला आणि तरीही ५ च्या ओळीत शून्य, ही चाचणी दुकानात बसून कोणी करून देणार नव्हतं.

आणखी एक ओळ मी आवर्जून पाहतो, १९२ ची. चालू डिस्कची वीज अचानक गेली तर हेड तबकडीवर आपटू नये म्हणून एक भारी युक्ती असते: तबकडी अजून फिरतच असते, तेव्हा तिची मोटर क्षणभर जनित्र बनते आणि त्या विजेवर हेड बाजूच्या उतारावर जाऊन बसतं. अशी घाईची माघार किती वेळा झाली ते १९२ मध्ये साठतं. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे लाइन कशी जाते ते सांगायला नको. यूपीएस नसलेल्या मशीनमधल्या डिस्कवर हा आकडा शेकड्यांत दिसतो. सगळ्या कंपन्या तो एकाच पद्धतीनं मोजत नाहीत, त्यामुळे मी त्यावरून डिस्क नाकारत नाही, फक्त मागच्या घरचा अंदाज घेतो.

आता खरा प्रश्न. डायरी स्वच्छ म्हणजे डिस्क टिकेल का? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासत असताना पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढत होती. म्हणून पेंडिंगचा सोळा तर सोडाच, एकही मला चालत नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांनी स्मार्टच्या चार सगळ्यात भरवशाच्या ओळींपैकी एकाही ओळीतून इशारा दिला नव्हता. लोकांचा डेटा ऑनलाइन साठवून ठेवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांचे आकडे जाहीर करते. त्यांनी पाच ओळी पाहिल्या, तर बंद पडलेल्यांपैकी ७६.७ टक्क्यांत काही ना काही खूण होती, धडधाकट डिस्कांपैकी फक्त ४.२ टक्क्यांत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर मला एवढं कळतं, की खूण दिसली तर डिस्क घेऊ नये, आणि नाही दिसली तर भोळसटपणे खूश होऊ नये.

शिवाय डायरीच खोडलेली असू शकते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या डिस्का जुन्या निघाल्या. २०२१ मध्ये चिया नावाच्या आभासी चलनाची लाट आली होती, त्यात डिस्कवरची रिकामी जागाच कमाईचं साधन होती, आणि या डिस्का त्या कामात राबलेल्या असाव्यात असा संशय होता. स्मार्टमधले तास शून्यावर आणलेले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी वही असते, तिच्यात खरे हजारो तास तसेच राहिले होते. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरमधून ती वाचता येते. आपल्याकडे एवढं शक्य नसेल तर निदान लेबलवरची तारीख पाहा. डिस्क २०१९ ची आणि चालली फक्त दोनशे तास, तर एवढी वर्षं ती कुठं झोपली होती हे विचारायला हवं. स्क्रूच्या भोकांतले ओरखडे आणि सोनेरी पिनांवरच्या रेघाही पाहा.

डिस्क घरी आणल्यावर नागपूर सुरू होतं. कंपन्या चालू डिस्कला सहसा ६० अंशांपर्यंत परवानगी देतात. मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत ३८-४०, आणि चालती डिस्क खोलीपेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी गरम. उरला किती फरक? गूगलच्या त्या अभ्यासात तापमानाचा परिणाम समजुतीपेक्षा कमी निघाला होता, पण तीन वर्षांच्या वरच्या डिस्कांना उष्णता बाधत होतीच. आणि त्या डिस्का डेटा सेंटरमधल्या होत्या, प्रतापनगरच्या वरच्या मजल्यावरच्या नव्हत्या.

मग आपण काय करतो, कूलर लावतो. इथं मला एक संशोधन आठवतं. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांमधल्या डिस्कांचा अभ्यास २०१६ साली आला, त्यात डिस्का बिघडण्यात तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा वाटा मोठा निघाला, आणि बिघाड मुख्यतः कंट्रोलर आणि जोडण्यांमध्ये होता. गवताच्या ताट्यांतून येणारी ओली थंड हवा आपल्याला स्वर्ग, डिस्कच्या उघड्या सर्किटला मात्र तेवढी सुखाची नाही. त्यात कूलरची थरथर. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कांवर नुसतं ओरडून त्यांचा प्रतिसाद मंदावतो हे दाखवलं होतं. कूलरच्या स्टँडवर डिस्क ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. एका घरात तर वर पाण्याचा पाइपही होता. माझ्या घरी असते ती डिस्क आता कूलरच्या झोताबाहेर, भिंतीतल्या कपाटात असते, आणि दुपारी एक ते पाच तिला सुट्टी असते.

पैशाचं गणित मी असं मांडलं. एक नवी डिस्क, वर्षभरात बंद पडण्याची शक्यता दीड टक्का. बॅकब्लेझचे अलीकडचे आकडे साधारण तेवढेच आहेत. जुनीला आपण कठोरपणे पाच टक्के धरू, हा फक्त माझा अंदाज. एकच जुनी घेतली तर धोका तिपटीहून जास्त. पण नव्या एकीच्या पैशांत जुन्या दोन येतात. दोघींवर तोच माल ठेवला तर एकाच वर्षात दोघी जाण्याची शक्यता पाच टक्क्यांचे पाच टक्के, म्हणजे चारशेत एक. नव्या एकटीची सदुसष्टात एक. दोन म्हाताऱ्या एका तरुणीला भारी पडतात, पण त्या वेगळ्या राहत असतील तरच. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्या आणि वीज कडाडली, तर गुणाकार संपला. आणि लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर असतील तर ती नवी की जुनी हा प्रश्नच गौण आहे. आतले हेड बदलून माहिती काढून द्यायचं काम करणारे असतात, पण त्याचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतं.

मी त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आणखी एक उचलली, मुद्दाम वेगळ्या कंपनीची.

दोन्हींवर काही ठेवण्याआधी पूर्ण परीक्षा घेतली. लिनक्सवरचं बॅडब्लॉक्स चार वेगवेगळे नमुने अख्ख्या डिस्कवर लिहितं आणि प्रत्येक वेळी वाचून ताडतं. बाहेरच्या काठाला वेग सेकंदाला १७० मेगाबाइट, आतल्या बाजूला ८० वर येतो, म्हणून ४ टीबीच्या एका फेरीला आठ-नऊ तास. अशा आठ फेऱ्या म्हणजे जवळजवळ तीन दिवस. एवढ्यात डिस्क मरायचीच असेल तर बऱ्याचदा तिथंच मरते, आणि दुकानदारानं दिलेली सात दिवसांची तोंडी गॅरंटी तेवढ्यात संपत नाही. या परीक्षेत पूर्वीच्या मालकाचं चित्रणही पुसलं गेलं, ते बरं झालं. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००३ साली १५८ जुन्या डिस्का तपासून दाखवल्या होत्या. त्यातल्या जेमतेम १२ नीट पुसलेल्या होत्या आणि बाकीच्यांतून ५,००० हून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर निघाले. आपली जुनी डिस्क विकताना 'फॉरमॅट केलंय' यावर समाधान मानू नका, झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात.

दुसऱ्या दुकानातली घरी राहते. डीव्हीआरवाली डिस्क आता अमरावतीला ताईकडे असते, फोमच्या डब्यात. दिवाळीला गेलो की लावतो, नवे फोटो चढवतो, ५ आणि १९७ ची ओळ पाहतो. गेल्या दिवाळीत दोन्हीकडे शून्यच होतं. ताई म्हणाली, "एवढं काय वाकून वाकून पाहून राहिला? फराळ कर आधी."