टॉर्क व अश्वशक्ती : मोटारगाडीच्या एंजिनातील परस्परसंबंध

मोटारगाडीच्या एंजिनाचा भुजादंड (क्रँकशाफ्ट) ज्या वळवणाऱ्या जोराने फिरतो त्याला टॉर्क म्हणतात आणि त्या जोराने एकक काळात होणाऱ्या कार्याला शक्ती म्हणतात. अश्वशक्ती हे शक्तीचे जुने, परंतु अद्याप वापरात असलेले एकक होय. लावलेले बल आणि अक्षापासूनचे त्याचे लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क; म्हणून त्याचे एकक न्यूटन-मीटर असे होते. जुन्या माहितीपुस्तिकांत तो किलोग्रॅम-मीटरमध्येही दिलेला असतो (१ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन-मीटर). टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. व्यवहारात न्यूटन-मीटरमधील टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे भागिले ९,५४९ केले असता किलोवॉट येतात आणि भाजक ७,०२४ घेतला असता मेट्रिक अश्वशक्ती येते. म्हणजेच अश्वशक्ती ही टॉर्कहून वेगळी अशी काही चीज नाही; टॉर्क किती वेगाने दिला जातो, एवढेच ती सांगते. ‘टॉर्क चांगला की अश्वशक्ती चांगली’ या नेहमीच्या वादाचा निकाल या सूत्रातच आहे.

संज्ञा : ‘टॉर्क’ हा शब्द पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. अभियंते जेम्स टॉमसन यांनी तो सुचविला असे मानले जाते. १८८४ मध्ये तो छापील स्वरूपात आढळतो आणि त्याच वर्षी सिल्व्हेनस टॉम्पसन यांनी विद्युत् यंत्रांवरील आपल्या ग्रंथात तो वापरला. म्हणजे ज्या राशीवर अश्वशक्ती आधारलेली आहे तिला आजचे नाव मिळाले ते अश्वशक्तीनंतर सुमारे शंभर वर्षांनी. मराठी शास्त्रीय लेखनात ‘परिबल’ हा शब्द निरूढी परिबल (मोमेंट ऑफ इनर्शिया) यासारख्या जोडशब्दांतून रुळलेला आहे. मात्र तो व्यापक अर्थाचा असल्याने येथे टॉर्क हाच शब्द ठेवला आहे. ठाण्यातील वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या गॅरेजांमध्ये ‘पिकअप’, ‘ओढ’ आणि ‘दम’ हे शब्द चालतात. त्यांपैकी ‘ओढ’ हा टॉर्कच्या बराच जवळ जातो, तर ‘पिकअप’मध्ये टॉर्क, शक्ती, गिअर आणि गाडीचे वजन हे सगळेच मिसळलेले असते.

अश्वशक्तीचा उगम : यंत्राची तुलना घोड्यांशी करण्याची कल्पना जेम्स वॉट यांच्याही आधीची आहे. खाणीतील पाणी उपसणाऱ्या आपल्या यंत्राविषयी लिहिताना टॉमस सेव्हरी यांनी १७०२ मध्ये ती मांडली होती. वॉट यांना तिची निकड भासली ती धंद्याच्या कारणाने. त्यांची व मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी पाणी उपसण्याच्या वाफेच्या एंजिनांसाठी, जुन्या एंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीच्या एक-तृतीयांश इतका मोबदला घेत असे. परंतु चाक फिरवणारी एंजिने गिरण्यांत व मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत जाऊ लागली तेव्हा तेथे तुलनेला जुने एंजिन नव्हते, घोडे होते. एक एंजिन किती घोडे मोकळे करील, हे गिऱ्हाइकाला सांगणे भाग होते.

१७८२–८३ च्या सुमारास वॉट यांनी एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम म्हणजे एक फूट-पौंड) असे ठरविले. हा आकडा कसा आला याविषयी एकवाक्यता नाही. लोकप्रिय कथेत खाणीतील तट्टू मिनिटाला २२,००० फूट-पौंड काम करते असे पाहून वॉट यांनी त्यात निम्म्याची भर घातली, असे सांगतात. दुसऱ्या वृत्तांतात गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या, म्हणजे मिनिटाला २.४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंड बलाने ओढतो. या हिशेबाने ३२,५७२ हा आकडा येतो. काही ठिकाणी ३२,४०० हा आकडाही दिलेला आढळतो. मिनिटाला अडीच फेऱ्या आणि वर्तुळाचा परिघ व्यासाच्या तिप्पट असे ढोबळ धरले, तर तो नेमका जुळतो. कारागिराने तोंडी करावा असा हा हिशेब असल्याने प्रस्तुत नोंदीत तट्टाच्या कथेपेक्षा गिरणीच्या घोड्याचा वृत्तांत अधिक ग्राह्य मानला आहे. ३३,००० पर्यंतची वाढ ही पूर्णांकासाठी असावी. जॉन देसाग्युलिअर्स यांनी पूर्वी ४४,००० आणि जॉन स्मीटन यांनी २२,९१६ असे अंदाज दिले होते. वॉट यांचा आकडा या दोहोंच्या मधला आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका टिपणात घोडा काही सेकंदांपुरती सुमारे १५ अश्वशक्ती देऊ शकतो असे दाखविले आहे, परंतु दिवसभराच्या कामासाठी एक अश्वशक्तीचा अंदाज अवास्तव ठरत नाही.

या घोड्यातच टॉर्क व शक्ती यांचा संबंध पुरता उतरलेला आहे. १२ फुटांवर १८० पौंड म्हणजे सुमारे २,९३० न्यूटन-मीटर टॉर्क. हा आजच्या लहान डिझेल मोटारीच्या एंजिनाच्या पंधरापट आहे. पण घोडा मिनिटाला अडीच फेऱ्यांहून अधिक घालू शकत नाही, म्हणून शक्ती एकच अश्वशक्ती. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाचेही तसेच असते. लाट फिरवून दाणा चिरडायला लागणारा टॉर्क त्याच्याजवळ भरपूर असतो, परंतु दिवसभरात किती पायली तीळ गाळले जातील हे त्याची चाल ठरवते. (घोडबंदर हे ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या गावाचे नाव तेथे उतरणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगितले जाते, आज त्याच नावाच्या रस्त्यावरून गुजरातकडे जाणारे कंटेनर ट्रक अश्वशक्तीत मोजले जातात.)

एककांतील भेद : ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॉट आहे, तर जर्मनीत रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती (पीएस) सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७३५.५ वॉट आहे. भारतीय विक्रीपत्रकांत बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर, म्हणजे रोध लावून मोजलेली अश्वशक्ती), पीएस आणि किलोवॉट ही तिन्ही दिसतात. त्यामुळे एकाच एंजिनाचे दोन आकडे वाचून गोंधळण्याचे कारण नाही. फूट-पौंडांतील टॉर्क व ब्रिटिश अश्वशक्ती एका आलेखावर काढली असता दोन्ही वक्र ५,२५२ फेऱ्यांवर नेहमी छेदतात. याला एंजिनाचा गुणधर्म समजणे चूक आहे. तो केवळ एककांचा परिणाम असून न्यूटन-मीटर व किलोवॉट घेतल्यास हा छेद ९,५४९ फेऱ्यांवर जातो, जेथवर बहुतेक मोटारगाड्या पोहोचतही नाहीत. अमेरिकेत १९७२ च्या सुमारापर्यंत पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर इ. काढून मोजलेली स्थूल अश्वशक्ती जाहीर केली जात असे. त्यामुळे त्यापूर्वीच्या मोटारींचे आकडे आजच्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत.

एंजिनातील उत्पत्ती : सिलिंडरमधील जळत्या वायूचा दाब दट्ट्यावर (पिस्टन) पडतो आणि संयोगदांड्यामार्फत (कनेक्टिंग रॉड) भुजादंडाला वळवतो. चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर देतो, म्हणून पत्रकातील टॉर्क ही सरासरी असते आणि प्रचक्र (फ्लायव्हील) ती सपाट राखते. ही सरासरी मुख्यतः एंजिनाचे आकारमान व दाब यांवर अवलंबून असते. मारुती स्विफ्टच्या एका पिढीत १,१९७ घ.सेंमी. पेट्रोल एंजिन मिनिटाला ४,२०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन-मीटर आणि ६,००० फेऱ्यांवर ८३ पीएस देई, १,२४८ घ.सेंमी. डिझेल एंजिन २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर आणि ४,००० फेऱ्यांवर ७५ पीएस देई. टॉर्कवरून परिणामी सरासरी दाब (तेवढा टॉर्क देण्यासाठी दट्ट्यावर सरासरी पडावा लागणारा दाब) काढला असता पेट्रोलचा सुमारे ११.९ बार, तर डिझेलचा सुमारे १९.१ बार येतो. एवढा फरक मुख्यतः टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा आहे, डिझेल इंधनाच्या अंगभूत ‘ताकदी’चा नव्हे.

सिलिंडर हवेने सर्वांत चांगला भरतो त्या फेऱ्यांवर टॉर्क शिखर गाठतो. त्यापुढे झडपा उघड्या राहण्याचा वेळ अपुरा पडतो, घर्षण वाढते आणि टॉर्क उतरू लागतो. तरीही फेरे त्याहून जलद वाढत असल्याने शक्ती चढतच राहते. टॉर्कमधील टक्केवारीतील घट फेऱ्यांतील वाढीइतकी होते तेथे शक्तीचे शिखर येते. वरील डिझेल एंजिनात ४,००० फेऱ्यांवर टॉर्क १३२ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असतो, हे त्याच्या शक्तीवरूनच काढता येते.

गिअर व रस्ता : गिअरपेटी टॉर्क वाढवू शकते, शक्ती वाढवू शकत नाही; उलट घर्षणात थोडी खर्चच करते. दुप्पट टॉर्क हवा असेल तर फेरे निम्मे करून घ्यावे लागतात. ताशी ४० किमी. वेगाने जाताना चाकाची त्रिज्या ०.३ मी. धरली, तर चाक मिनिटाला सुमारे ३५४ फेरे घेते. डिझेल एंजिन आपल्या सर्वोच्च टॉर्कवर, म्हणजे २,००० फेऱ्यांवर चालेल असा गिअर मिळाला, तर घर्षण सोडून चाकांवर सुमारे १,०७५ न्यूटन-मीटर येतात. पेट्रोल एंजिन ४,२०० फेऱ्यांवर चालेल असा गिअर मिळाला, तर तेथे सुमारे १,३४० न्यूटन-मीटर येतात. ११३ ने १९० वर मात केली ती फेऱ्यांच्या बळावर; त्या क्षणी डिझेल एंजिन ५४ आणि पेट्रोल एंजिन जवळजवळ ६८ पीएस देत असते. एखाद्या वेगाला गाडीला मिळणारी ओढ त्या क्षणीच्या शक्तीवरून ठरते, सर्वोच्च टॉर्कच्या आकड्यावरून नाही.

मग डिझेल गाडी चढाला हलकी का वाटते, याचे उत्तर घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटात मिळते. पावसाळ्यात पुढे कंटेनर रांगत असताना वाट मोकळी होते. तिसऱ्या गिअरमधील पेट्रोल गाडीचा चालक ॲक्सिलरेटर दाबतो, एंजिन घरघरते, पण गाडी उचलत नाही. तो दुसरा गिअर टाकतो, फेरे सुमारे दीडपट होतात, आवाज मोकळा होतो आणि गाडी निघते. टर्बोला जाग येण्याइतके फेरे असतील तर डिझेलवाल्याला हा बदल सहसा करावा लागत नाही. त्याच्याकडे कमी फेऱ्यांवरच टॉर्क, म्हणून कमी फेऱ्यांवरच शक्ती उपलब्ध असते. सोय आहे ती या सपाट वक्राची. याउलट पाम बीच मार्गासारख्या सपाट रस्त्यावर सर्वोच्च वेग ठरतो तो हवेच्या विरोधाला पुरून उरणाऱ्या शक्तीवरून.

चढावर लागणारी शक्ती हिशेबाने काढता येते. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरला, तर माणसांसह १,२०० किग्रॅ. भरणाऱ्या मोटारीला ताशी ४० किमी. वेगाने केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ९ पीएस पुरतात. न्हावा शेवाहून निघालेल्या ४० टनी ट्रकला निम्म्याच वेगाने तोच चढ चढायला सुमारे १४८ पीएस लागतात; म्हणून तो रांगतो आणि त्याच्या मागची रांग वाढत जाते.

मापन : गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये योजलेल्या गतिरोधकात फिरत्या चाकावर लाकडी ठोकळे आवळून त्यांना जोडलेल्या दांड्याच्या टोकाला वजन टांगत. एक मीटर दांड्यावर १० किग्रॅ. वजन तोलून राहिले तर टॉर्क ९८ न्यूटन-मीटर. विल्यम फ्राउड यांनी १८७७ मध्ये घर्षणाच्या जागी पाण्याचा रोध आणला. आजच्या यंत्रांत तो बहुधा विद्युत् प्रवाहाने निर्माण केला जातो, पण मोजला जातो टॉर्क आणि फेरेच. अश्वशक्ती नंतर गणिताने येते. चाकांखालील फिरत्या रुळांवर (रोलर) मोजलेला आकडा गिअरपेटी व टायर यांतील व्ययामुळे पत्रकातील आकड्यापेक्षा कमी येतो. गाडीत दोष असल्याचे ते लक्षण नव्हे.

विजेवरील वाहने : विद्युत् चलित्र जवळजवळ स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण टॉर्क देते. २०२० च्या टाटा नेक्सॉन ईव्हीचे आकडे २४५ न्यूटन-मीटर व ९५ किलोवॉट असे होते. यावरून पूर्ण टॉर्क सुमारे ३,७०० फेऱ्यांच्या पुढे राखता येत नाही, हे दिसते. तेथून पुढे शक्ती साधारण स्थिर राहून टॉर्क उतरत जातो. नवी मुंबईत थांब्यावरून सुटणारी विजेवरील बस पहिल्या क्षणी सर्वाधिक टॉर्क देत असते, आणि चाक अजून हललेले नसल्याने त्याच क्षणी तिची यांत्रिक शक्ती शून्य असते.