चेक, डीडी आणि परकीय चलनातील ड्राफ्ट : बँक कशाचे पैसे घेते?

आमच्याकडे हिशेब असलेले टॉवेल-चादरीचे कारखानदार, चाटी गल्लीतील कापड व्यापारी आणि सूत दलाल यांच्या बँक उताऱ्यांत वर्षभर लहानमोठे ‘चार्जेस’ वजा होत असतात. त्यांतील कोणते टाळता येतात, हे ध्यानात यावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

हे दर रिझर्व्ह बँक ठरवून देत नाही. प्रत्येक बँक ते स्वतः ठरवते, आणि म्हणून शेजारच्या दुकानदाराचा दर आपल्याला लागू होईलच असे नाही. बचत खात्यावर ठराविक चेक विनामूल्य मिळून पुढे प्रत्येक पानाला आकार पडतो, तर चालू खात्यात हा हिशेब बहुधा सरासरी शिल्लक आणि खात्याचा प्रकार यांवर अवलंबून असतो. या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी असतो. शिल्लक नसल्याने चेक परत गेल्यास घेतला जाणारा दंड मात्र करपात्र नाही, असे ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तरीही त्यावर कर लावलेला दिसल्यास शाखेकडे लेखी विचारणा करावी.

डीडीचे कमिशन रकमेनुसार वाढत जाते. ५०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचा डीडी रोखीने मिळत नाही, तो खात्यातूनच काढावा लागतो, आणि त्याची मुदत चेकप्रमाणेच तीन महिने असते. निविदेची अनामत किंवा महाविद्यालयाचे शुल्क यांसाठी समोरचा डीडीच मागत असेल तर इलाज नाही. एरवी सुताचे पैसे चुकते करण्यासाठी डीडी काढणे आम्हांला तरी अनावश्यक वाटते, कारण बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी करण्यास जानेवारी २०२० पासून शुल्क नाही आणि शाखेत जाऊन केली तरी ते जीएसटी वगळता २५ रुपयांपलीकडे जात नाही.

परकीय चलनातील ड्राफ्टच्या बाबतीत मात्र ग्राहक कमिशनवर घासाघीस करतात आणि खरा खर्च जेथे दडलेला असतो त्या विनिमय दराकडे पाहत नाहीत. समजा, परदेशी विद्यापीठाच्या शुल्कासाठी १,००० डॉलरचा ड्राफ्ट हवा आहे. बाजारात डॉलर ८८.५० रुपये असताना बँकेने ९० रुपये दर लावला, तर १,५०० रुपये दरातच गेले. कमिशन ३०० रुपये आणि त्यावरील कर ५४ रुपये यांपुढे ही रक्कम मोठी आहे. शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवर वेगळा जीएसटी असतो. बहुतेक बँका १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, परंतु किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के आकारतात. येथे ९०,००० रुपयांवर ९०० रुपये मूल्य आणि १६२ रुपये कर, म्हणजे खात्यातून एकूण ९०,५१६ रुपये जातील. (दर आणि कमिशन केवळ उदाहरणासाठी धरले आहेत.)

प्रवेश रद्द होऊन ड्राफ्ट परत केल्यास बँक विक्रीच्या नव्हे, तर खरेदीच्या दराने रुपये देते. तो ८७ रुपये असेल, तर रद्द करण्याचे शुल्क धरण्यापूर्वीच ३,००० रुपयांची तूट येते. म्हणून प्रवेशाचे पत्र हाती पडेपर्यंत ड्राफ्टची घाई करू नये. आणि विद्यापीठ थेट खात्यात रक्कम स्वीकारत असेल, तर मधल्या बँकांचे शुल्क कोणी सोसायचे हे अर्जातच लिहून द्यावे, अन्यथा तिकडे रक्कम कमी पोहोचते आणि उरलेल्या काही डॉलरसाठी पुन्हा सारा खर्च करावा लागतो.

जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकांनी आपला जीएसटी क्रमांक बँकेत नोंदवून ठेवावा, म्हणजे धंद्याच्या खात्यावर लागलेल्या या कराचे क्रेडिट नियमानुसार घेता येईल. मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या ड्राफ्टला ते मिळत नाही. बँकेची कर-पावती दर महिन्याच्या कागदपत्रांसोबत आमच्या कार्यालयात द्यावी.