टोक नेमकं कुठंय?

सोनोग्राफी म्हटली की आपल्याला पोट आठवतं, तेही गरोदर बाईचं. परदेशात डायलिसिसच्या खाटेशेजारी नर्स तेच यंत्र पेशंटच्या हातावर फिरवते म्हटल्यावर लोक विचारतात, किडनी सोडून हातात काय बघायचं?

बघायचा असतो फिस्टुला. मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडली, की धमनीच्या दाबाने शीर काही आठवड्यांत रुंद आणि जाड होते. हाच फिस्टुला, डायलिसिसच्या सुया यातच टोचायच्या. ही युक्ती 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आठवड्याला तीन डायलिसिस, दर वेळी दोन सुया. वर्षाला तीनशेच्या वर टोचण्या होतात, त्याही दीड मिमीहून जाड सुईने. (किडनी 'साफ' करणारे काढे विकणाऱ्यांनी एकदा ही सुई हातात घेऊन बघावी.)

सुई टोचणारा बोटांनी फिस्टुलाची थरथर शोधतो. पण शीर किती खोल आहे, हे थरथर सांगत नाही. सुई मागच्या भिंतीतून आरपार गेली तर रक्त मांसात झिरपतं, हात काळानिळा होतो आणि त्या दिवशीचं डायलिसिस बोंबलतं.

इथं ध्वनिलहरी कामाला येतात. मांसात त्या सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातात, म्हणजे 6 मिमी खोलीवरून प्रतिध्वनी परतायला सेकंदाचे जेमतेम 8 दशलक्षांश भाग लागतात. रक्त पडद्यावर काळं दिसतं, धातू पांढराशुभ्र. प्रोब, म्हणजे यंत्राचा हातावर फिरवायचा भाग, आडवा धरला तर काकडीच्या चकतीसारखा शिरेचा छेद दिसतो: काळा गोल, त्यात सुईचा पांढरा ठिपका. ठिपका मधोमध आला, जिंकलो?

नाही! छेद सुईला जिथं कापतो तिथं ठिपका उमटतो. तो सुईच्या दांड्याचाही असू शकतो, आणि टोक एव्हाना मागच्या भिंतीपलीकडे गेलेलं असू शकतं. म्हणून प्रोब ठिपका दिसेनासा होईपर्यंत पुढे सरकवायचा, मग ठिपका पुन्हा उगवेपर्यंत सुई ढकलायची. आता दिसतंय ते टोक. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. प्रोब उभा धरला तर अख्खी सुई दिसते खरी, पण प्रतल मिलीमीटरभर हललं की ती गायब. सुई फार तिरपी असेल तर प्रतिध्वनी भलतीकडेच परावर्तित होतो.

म्हणूनच 'आता एकही सुई चुकणार नाही' या अशा यंत्रांच्या जाहिराती मला पटत नाहीत. ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधल्या डायलिसिस नर्सही या यंत्राबद्दल हातचं राखून बोलतात. नव्या किंवा खोल फिस्टुलाला ते हवंच, म्हणतात. पण शिकवणार कोण, आणि डायलिसिसची पाळी सुरू होताना सगळे पेशंट एकदम आले की जेल लावून प्रोब फिरवायला वेळ कुठला? जुन्याजाणत्या नर्सना बोटांची सवय मोडेल अशी भीती वाटते. मला वेळेची तक्रार जास्त खरी वाटते. बोटं आणि पडदा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, दोन्ही लागतात.

आपल्याकडे सुई बहुधा टेक्निशियन टोचतात, आणि अडचण वेगळीच आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या केंद्रीय कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि ते चालवायचं प्रशिक्षित डॉक्टरांनीच. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच असा कायदा केला होता. तो हवाच होता, यात वाद नाही. पण खाटेशेजारी उभ्या टेक्निशियनच्या हाती प्रोब येत नाही, तोवर इथं बोटांवरच भिस्त.