पापुद्र्याखालचा धातू : ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांची कमी तापमानावरील जोडणी

तडा गेलेल्या ॲल्युमिनियमच्या भागावर जोडकांडी धरून ती ज्योतीने वितळवली, तर पहिल्या प्रयत्नात बहुधा एकच दृश्य दिसते. कांडी वितळते, तिचा चकचकीत गोळा होतो आणि अळवाच्या पानावरचा थेंब घरंगळावा तसा तो गोळा कुठेही न चिकटता खाली पडतो. कांडीच खोटी निघाली असे त्या वेळी वाटते, पण दोष कांडीचा नसतो. वितळलेल्या मिश्रधातूची आणि ॲल्युमिनियमची अजून गाठच पडलेली नसते, कारण दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारा एक पडदा असतो. या कामातले निम्म्याहून अधिक शास्त्र त्या पडद्याचेच आहे.

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताक्षणी त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. साध्या तापमानाला त्याची जाडी अवघी २ ते ४ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे वीस हजारावा भाग असते. तो अखंड आणि घट्ट असल्यामुळेच ॲल्युमिनियम लोखंडासारखे आतपर्यंत गंजत जात नाही. जोडणीच्या वेळी मात्र हाच पापुद्रा आडवा येतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याचे ऑक्साइड वितळण्यासाठी सुमारे २,०७० अंश लागतात. हवेत जळणाऱ्या प्रोपेनची ज्योत तेवढी तापतच नाही. त्यामुळे केवळ उष्णता वाढवत राहिल्यास आतल्या धातूचे पाणी होते, पण वरचा पापुद्रा पिशवीसारखा तसाच राहतो आणि एका क्षणी सगळा भाग खचून जातो.

हा पापुद्रा दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग रसायनाचा, म्हणजे फ्लक्सचा. पितळेच्या आणि चांदीच्या झाळकामात हे काम टाकणखार करतो, पण निर्जल टाकणखार स्वतःच ७४० अंशांच्या वर वितळतो, म्हणजे तो कामाला लागण्याआधीच ॲल्युमिनियम वितळून गेलेले असते. म्हणून ॲल्युमिनियमसाठी पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या फ्लोराइड क्षारांचा वेगळा फ्लक्स वापरतात. तो सुमारे ५६५ अंशांना वितळतो आणि पापुद्र्याचा अटकाव दूर करतो. त्याच्या जोडीला सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेली ॲल्युमिनियमची कांडी घेतात, जी ५७७ अंशांच्या आसपास वितळते. मोटारींचे रेडिएटर याच पद्धतीने जोडले जातात आणि तेथे ही जोडणी उत्तम ठरते. ओतीव भागांची गोष्ट वेगळी आहे. साच्यात धातू नीट वाहावा म्हणून ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्येही सिलिकॉनच मिसळलेले असते आणि अशा अनेक मिश्रधातू ५४० ते ५६० अंशांनाच मऊ होऊन वितळू लागतात. कांडी वितळेपर्यंत वाट पाहावी तर दुरुस्त करायचा भागच हातातून जातो.

जस्ताच्या कांडीचे महत्त्व येथे कळते. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना, परंतु सुमारे ९५ भाग जस्तात ५ भाग ॲल्युमिनियम मिसळले, तर ते मिश्रण दोघांपेक्षाही कमी, म्हणजे ३८१ अंशांच्या सुमारास वितळते. काही कांड्यांत थोडे तांबेही असते. ओतीव भाग वितळू लागण्याच्या कितीतरी आधी ही कांडी प्रवाही होते, आणि चुकीला पुरेशी जागा राहते. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे ४५० अंशांच्या खाली वितळणाऱ्या धातूने केलेली जोडणी ब्रेझिंग ठरत नाही, ते सोल्डरिंग होय. कांड्या ब्रेझिंगच्या नावाने ओळखल्या जात असल्या, तरी हा फरक लक्षात ठेवणे हिताचे आहे, कारण सोल्डरिंगचा जोड ब्रेझिंगच्या जोडापेक्षा सहसा कमकुवत असतो आणि जोडणीकडून किती अपेक्षा ठेवावी हे त्यातून कळते.

या कांडीला सहसा फ्लक्स लागत नाही आणि मला या पद्धतीचा सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. येथे पापुद्रा रसायनाने नव्हे, तर ओरखड्याने मोडायचा असतो. भाग पुरेसा तापल्यावर त्यावर कांडी वितळवून एक लहानसे डबके करायचे आणि त्या डबक्याच्या आतूनच कांडीच्या टोकाने किंवा स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने तळ घासायचा. कोरडा पृष्ठभाग घासला असता तर नवा पापुद्रा क्षणात धरला असता, पण डबक्याखाली हवा पोहोचत नाही. ओरखड्यांतून जस्त आत शिरते, थोडे ॲल्युमिनियम स्वतःत विरघळवून घेते आणि पापुद्र्याच्या खालून पसरत जाऊन त्याला उचलते. यात घनतेचीही मदत होते. हे ऑक्साइड वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जड असते, पण वितळलेल्या जस्तापेक्षा बरेच हलके असते, त्यामुळे सुटलेले कपटे राखाडी मळीच्या रूपाने वर तरंगतात आणि ब्रशने बाजूला सारता येतात. तळ पूर्ण माखला, म्हणजे त्याला कलई केल्यासारखे रूप आले, की पुढची भर घालणे सोपे असते.

उष्णता कांडीला नव्हे, भागाला द्यायची, हा यातला मुख्य नियम आहे. ज्योत बाजूला करून कांडी भागाला टेकवावी. भागाच्या उष्णतेनेच ती वितळली, तर वेळ आली असे समजावे. हे ऐकायला सोपे असले तरी ॲल्युमिनियम दोन प्रकारे फसवते. एक तर त्याची उष्मावाहकता साध्या पोलादाच्या कित्येक पट असते, त्यामुळे एका कोपऱ्याला दिलेली उष्णता सगळ्या भागात पसरते आणि मोठ्या, जाड ओतीव भागापुढे लहान ज्योत कितीही वेळ धरली तरी अपुरी पडते. दुसरे म्हणजे, लोखंड तापल्यावर लाल होऊन इशारा देते, तसा इशारा ॲल्युमिनियम देत नाही. रंग न बदलताच ते ढासळते. यावर एक जुनी युक्ती आहे : जोडायच्या जागेच्या शेजारी साध्या साबणाची रेघ ओढावी. ती करपून काळपट झाली, की तापमान कामाच्या टप्प्यात आल्याचा ढोबळ अंदाज येतो.

तयारीला मात्र जोडणीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि लागू द्यावा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले, तर तेथे एकवटणारा ताण पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. तड्याच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरली, तर कांडीचा धातू तळापर्यंत पोहोचतो. ब्रश केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला असावा, कारण लोखंडावर वापरलेल्या ब्रशातून लोखंडाचे कण त्यावर येतात. ओतीव धातू सच्छिद्र असतो, आणि इंजिनाच्या भागासारख्या वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या वस्तूतून तापवताना तेल पाझरत राहते. असा भाग आधी बेताने तापवावा, बाहेर आलेले तेल पुसावे आणि तेल येणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेल्या भागावर मात्र ज्योत कधीही धरू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

ॲल्युमिनियमसारखा दिसणारा प्रत्येक ओतीव भाग ॲल्युमिनियमचा नसतो. हाताला अपेक्षेपेक्षा जड लागणारा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असू शकतो. त्याचा वितळबिंदू ३८० ते ३९० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कांडीइतकाच असतो, तेव्हा तेथे कांडी आणि भाग एकदमच वितळण्याचा धोका असतो. अपेक्षेपेक्षा हलका भाग मॅग्नेशियमचा असू शकतो. स्वच्छ घासलेल्या जागेवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यास मॅग्नेशियमवर बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर येत नाहीत. मॅग्नेशियमचा भुसा पेट घेतो आणि पाणी टाकल्यास ती आग अधिकच भडकते, म्हणून ज्योत पेटवण्यापूर्वी ही चाचणी करणे आवश्यक आहे. बिडाच्या भागावर जस्ताच्या कांडीचा उपयोग नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे ग्रॅफाइट वितळलेल्या धातूला पसरू देत नाही. बिडासाठी योग्य फ्लक्ससह पितळेची कांडी आणि ९०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते.

जोड पक्का बसला, तरी भाग पूर्वीसारखा झाला असे नाही. उष्णतेने ॲल्युमिनियम बरेच प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीचा भाग ३७० अंशांनी तापला, तर तो अडीच मिलिमीटरने वाढतो. एकच कोपरा तापवल्यास थंड राहिलेला भाग या वाढीला अडवतो आणि निवताना तडा पुन्हा उघडतो किंवा शेजारी नवा पडतो. म्हणून शक्य असेल तेथे संपूर्ण भाग तापवावा आणि तो हवेत सावकाश निवू द्यावा. उष्णतेचा परिणाम मजबुतीवरही होतो. पुष्कळ मिश्रधातूंना १६० ते १८० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवून बळकटी आणलेली असते. जोडणीच्या तापमानाला ती बळकटी नाहीशी होते. ६०६१ या सर्वपरिचित मिश्रधातूची ताणसहनशक्ती पूर्ण मऊ झाल्यावर सुमारे ३१० वरून १२५ मेगापास्कलपर्यंत उतरते. तेव्हा चाक, ब्रेक किंवा सुकाणूचा सांधा अशा, जिवाचा भार पेलणाऱ्या भागांवर ही कांडी वापरणे मी पूर्णपणे चूक मानतो. झाकण, आवरण, तुटलेला कान, झिजलेल्या आट्यांचे भोक अशा ठिकाणी ती खरोखर उपयोगी पडते. असे भोक भरून त्यात नव्याने आटे पाडता येतात.

खाऱ्या पाण्यात जस्त ॲल्युमिनियमच्या आधी झिजते, त्यामुळे तेथे पहिल्यांदा जोडच खाल्ला जातो, आणि लहान जोडाला मोठ्या भागासाठी झिजावे लागत असल्याने ही झीज वेगाने होते. रंगाचा थर देऊन पाणी दूर ठेवणे हा त्यावर उपाय आहे. प्रमाणाबाहेर तापवल्यास जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्यास थंडीतापासारखा आजार होतो, म्हणून काम मोकळ्या हवेतच करावे. बंद टाकी किंवा इंधन साठवलेले भांडे तर तापवूच नये.

खऱ्या भागाला हात लावण्यापूर्वी त्याच धातूचे दोन टाकाऊ तुकडे जोडून, पूर्ण निवल्यावर शिकंज्यात धरून हातोडीने तोडून पाहावेत. तुटलेल्या जागी दोन्ही बाजूंना खडबडीत राखाडी धातू दिसला, तर जोड खरा होता. एका बाजूला स्वच्छ, चमकदार, कांडीचा कणही न लागलेले ॲल्युमिनियम दिसले, तर तेवढ्या जागी पापुद्रा मोडलाच नव्हता, आणि पुढच्या वेळी तेथे अधिक घासायला हवे.