जुन्या लॅम्ब्रेटा-वेस्पाचे सुटे भाग : ऑर्डर देण्याआधी हे वाचा

‘लॅम्ब्रेटाचा ब्लॉक-पिस्टन मिळेल का?’ एवढ्याच चौकशीवर योग्य पार्ट देणं आम्हा सुटे भाग पुरवणाऱ्यांना, किंबहुना कुणालाही, शक्य नाही. इटलीत इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा अनेक मालिकांत निघाली. आपल्याकडे ती आधी मुंबईत एपीआयने (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) बनवली. मिलानचं उत्पादन १९७१ मध्ये थांबल्यावर तिथली यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली आणि तिच्यावर विजय सुपर निघाली. वेस्पाचंही तसंच आहे. वेस्पा बनवणाऱ्या इटालियन पियाजिओच्या परवान्यावर बजाज १५० आली, तो करार १९७१ मध्ये संपला, पुढे चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आणि कानपूरची एलएमएल ही त्याच घराण्यातली. या सगळ्यांचे भाग काउंटरवर एकसारखे दिसतात, पण इंजिनात बसवताना एखाद्या मिलिमीटरने अडतात. म्हणून गाडीच्या नावापेक्षा नंबर आणि माप यांच्यावर भरवसा ठेवा.

आधी नंबर

साइड पॅनल काढा, वायर ब्रश आणि रॉकेलने जागा साफ करा आणि चासी व इंजिन या दोन्ही नंबरांचे फोटो घ्या. आकड्यांच्या आधीची अक्षरं सर्वांत महत्त्वाची, कारण मॉडेल त्यांवरूनच कळतं. इटालियन वेस्पाच्या चासीवर ‘व्हीबीबी१टी’ असं असेल, तर तिच्या मूळ इंजिनावर ‘व्हीबीबी१एम’ असतं. आपल्याकडच्या गाड्यांची इंजिनं या काळात बऱ्याचदा बदललेली असतात. त्यामुळे आरसी बुकावरचं मॉडेल आणि प्रत्यक्ष इंजिन यांचा मेळ बसेलच असं नाही. पार्ट घ्यायचा तो इंजिनावरच्या नंबराप्रमाणे. जुनं केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) घेणार असाल तर त्याचे कागद मागा. इंजिन नंबर केसिंगवरच असतो, आणि तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

जुना भाग फेकू नका

मोडलेला, गंजलेला, अर्धा उरलेला असला तरी ठेवा. व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) तीन मापं घ्या : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ऑइल सील आणि बेअरिंग याच क्रमाने ओळखले जातात.

जाडी का मोजायची, त्याचं हे उदाहरण. ६३०५ नंबरचं बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं, त्याचं माप २५ × ६२ × १७ मिमी. लॅम्ब्रेटाच्या क्रँकला चेनच्या बाजूला ते चालतं, मॅग्नेटोच्या बाजूला एनयू २०५ रोलर लागतं. वेस्पाच्या मोठ्या इंजिनात मात्र क्लचच्या बाजूचं बेअरिंग २५ × ६२ × १२ मिमी असतं. दोन्ही व्यास तेच, जाडी ५ मिमीने कमी. घाईत ६३०५ आणलं की केसिंग मिटत नाही, आणि तरीही बोल्ट आवळले तर केसिंगच जातं. क्रँकसाठी बेअरिंग घेताना सी३ किंवा सी४ क्लिअरन्सचं, म्हणजे आत जास्त मोकळीक असलेलं, मागा. साध्या क्लिअरन्सचं बेअरिंग गरम झाल्यावर आवळतं.

जोडीने जुळणारे भाग

फ्लायव्हील आणि क्रँक यांचा टेपर (निमुळता भाग) एकच हवा. लॅम्ब्रेटात एलआय मालिकेचा टेपर लहान, जीपीचा मोठा. न जुळणारं फ्लायव्हील नट आवळल्यावर बसल्यासारखं वाटतं, पण थोड्याच दिवसांत त्यांच्यामधली चावी (दोघांना एकत्र धरणारा छोटा तुकडा) कापली जाते आणि टायमिंग सरकतं. फ्लायव्हील काढायला योग्य आट्यांचा पुलर वापरा. हातोड्याने मागून ठोकलं तर क्रँक वाकतो आणि चुंबकही कमजोर होतात.

फ्लायव्हील आणि स्टेटर हीदेखील जोडी आहे. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्ट इलेक्ट्रॉनिक करायची असेल तर फ्लायव्हील, स्टेटर, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) आणि रेग्युलेटर असा पूर्ण संच एकाच ठिकाणाहून घ्या. नुसती कॉइल बदलून काम होत नाही. मूळ ६ व्होल्ट ठेवायचे असतील तर बल्ब ६ व्होल्टचेच हवेत. १२ व्होल्टचा लावला की तो काजव्यासारखा मिणमिणतो.

लॅम्ब्रेटाच्या चेनच्या कड्या आणि पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोजून कळवा. प्लगची चूडी तर नक्कीच मोजा, कारण लॅम्ब्रेटाची हेड दोन प्रकारची येतात, १२.७ मिमी आणि १९ मिमी. लहान चूडीच्या हेडला लांब प्लग लावला तर तो पिस्टनवर आदळतो. उलट केलं तर हेडच्या उरलेल्या आट्यांत कार्बन भरतो आणि पुढे योग्य प्लगही बसत नाही.

ब्लॉक-पिस्टन

लॅम्ब्रेटा १५० चा मूळ बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५८. ब्लॉक घासला असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मग तो पिस्टन घेऊनच ब्लॉक बोअरिंगला न्या. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणं म्हणजे ब्लॉक वाया घालवणं. बोअरिंगसाठी आपल्या कोकणातून कोल्हापूरचं उद्यमनगर गाठणं सोयीचं, रत्नागिरीहून आंबा घाटाने, कुडाळ-कणकवलीहून फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याने. क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने जो सांगितला असेल तोच ठेवायला सांगा.

टू-स्ट्रोकच्या ब्लॉकचं एक काम बरेच लेथवाले विसरतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात, त्या बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने किंचित गोलवायला हव्यात. नाही तर रिंग कडेला अडकून तुटते आणि नवा पिस्टन पहिल्याच घाटात जातो. रिंग पिस्टनमध्ये घालण्याआधी नुसती ब्लॉकमध्ये सरळ बसवून फीलर गेजने फट मोजा, ०.२० ते ०.३५ मिमी असावी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या तोंडाकडे. गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप दरवेळी नवे.

सील, रबर आणि आताचं पेट्रोल

या मुद्द्यावर आम्ही सर्वांत जास्त भर देतो, कारण कोकणात जुनी इंजिनं बहुधा इथेच मरतात.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आषाढ-श्रावणात आपल्याकडे ओल किती असते ते वेगळं सांगायला नको. टाकीत पुरेसं पाणी मुरलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर वरच राहतं. पेट्रोल कॉक तळाशी असल्यामुळे इंजिनाला आधी तो बिनतेलाचा थर मिळतो, आणि सुरू केल्यावर थोड्याच वेळात पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही पूर्ण रिकामे करा. वापर चालू असेल तर आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल भरा.

जुन्या साठ्यातले सील, पेट्रोल पाइप, फ्लोट नीडलचं टोक आणि कॉकचं वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा चिकट होतात. जुनं ‘ओरिजिनल’ पाकीट मिळालं म्हणून आनंद होतो, पण रबराच्या बाबतीत तो माल घेऊ नका. क्रँकचे सील व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) मागा.

कुठला सील गेला हे ओळखता येतं. मॅग्नेटोच्या बाजूचा गेला तर हवा आत जाते, आयडलिंग आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापून धरतं. गिअरच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी उतरते.

तेलाचं प्रमाण असं. जुन्या लॅम्ब्रेटाला ४ टक्के, म्हणजे लिटरला ४० मिली. रोटरी व्हॉल्व्हच्या वेस्पा-बजाजला २ टक्के, लिटरला २० मिली. गिअरपेटीत लॅम्ब्रेटाला एसएई ९० चं ७०० मिली, वेस्पाला एसएई ३० चं २५० मिली. वेस्पात ९० नंबर ओतू नका. क्लच त्याच तेलात फिरतो, जाड तेलात प्लेट नीट सुटत नाहीत आणि गिअर कुरकुरतात.

खारी हवा

मालवण, वेंगुर्ला, गुहागरच्या किनाऱ्यावरच्या गाडीला केबल घेताना आतून नायलॉनचं अस्तर असलेलं आउटर घ्या. साधं आउटर आतून गंजतं आणि दोष विनाकारण क्लचवर जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगला स्टेनलेसचे बोल्ट लावले तर आट्यांना अँटी-सीझ ग्रीस हवंच, नाही तर मिठाच्या ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट आट्यांसकट बाहेर येतो.

वेस्पाचा फ्लोअर खालच्या पोकळ पट्टीतून कुजतो, वरून रंग चांगला दिसत असतानाही. स्क्रू-ड्रायव्हरने खालून टोचून पाहा. फ्लोअर कापण्याआधी हेडस्टॉक आणि मागची चासी यांना अँगलने तात्पुरतं जोडा, कारण वेस्पाला वेगळी फ्रेम नाही आणि पत्रा सुटला की गाडी पिळते.

काय नवं, काय जुनं

सील, बेअरिंग, रिंग, केबल, ब्रेक लायनर, क्लच प्लेट नवेच. केसिंग, हब, फोर्क, हेडसेट, हँडल, मूळ पत्रा जुना घेतलेला उत्तम, तो आजच्या नकली पत्र्याहून जाड असतो. लॅम्ब्रेटाचा मागचा हब घेताना आतला कोन आणि दात बोटाने तपासा, घासलेला असेल तर कितीही आवळला तरी सुटणार. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग) इटालियन डेलऑर्टो कंपनीच्या मापाचा घ्या. त्यावरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, १०० म्हणजे १ मिमी. स्थानिक जेटवरचा आकडा आणि भोक यांत फरक निघू शकतो, म्हणून पिन गेजने तपासल्याशिवाय आम्ही देत नाही.

जुन्या मालासाठी मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार धुंडाळता येतो. इटली, जर्मनी, ब्रिटनमधून मागवलेल्या मालावर कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा धरून लागते. त्यामुळे एकट्या सर्क्लिपसाठी पार्सल मागवणं परवडत नाही. अशा मागण्या आम्ही एकत्र करून पाठवतो.

आम्हाला काय पाठवाल

दोन्ही नंबरांचे फोटो, जुन्या भागाचा पट्टी शेजारी ठेवून घेतलेला फोटो, व्हर्निअरची तीन मापं, आणि इंजिन आधी कधी उघडलं असल्यास बोअरचं माप. व्हर्निअर नसेल तर जुना भाग एसटी पार्सलने पाठवा. तेल पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत गाडीचं मॉडेल आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नवा भाग मिळेपर्यंत जुना आम्ही नावानिशी जपून ठेवतो आणि दोन्ही एकाच पार्सलमधून परत पाठवतो.