इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू किट

छोट्या मेटल लेथवर चेंज गिअर (स्पिंडल आणि लीडस्क्रू जोडणारे गिअर) न बदलता हव्या त्या पिचचे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचे, आटे पाडता यावेत, यासाठी हौशी कारागीर जी नियंत्रण-यंत्रणा बनवतात आणि सुट्या भागांत विकतात, ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू किट. स्पिंडलच्या (काम धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या) फेऱ्या मोजणारा एन्कोडर, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) फिरवणारी स्टेपर (छोट्या ठरावीक स्टेपने फिरणारी) किंवा सर्वो मोटर, तिचा ड्रायव्हर आणि पिच निवडण्यासाठी डिस्प्ले व बटणे असे तिचे मुख्य भाग. हे सीएनसी, म्हणजे सगळ्या हालचाली संगणकाने चालवणे, नव्हे: क्रॉस स्लाइड (टूल आडवे आत-बाहेर सरकवणारा भाग) कारागिराच्याच हातात राहते.

स्पिंडल आणि लीडस्क्रू यांना गिअरने जोडून आटे पाडण्याची पद्धत 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्लेच्या लेथमुळे रुजली. छोट्या लेथवर तिची खरी अडचण होते ती मेट्रिक आणि इंची आट्यांच्या अदलाबदलीत. 1 इंच म्हणजे 25.4 मिमी, त्यामुळे अचूक गुणोत्तरासाठी 127 दातांचा गिअर लागतो. 127 ही मूळ संख्या असल्याने त्याऐवजी लहान गिअरांची जोडी तंतोतंत चालत नाही, आणि एवढा मोठा गिअर छोट्या लेथच्या झाकणात सहसा मावत नाही. मग 80 आणि 63 दातांवर भागवतात. त्यातली सुमारे 0.0125 टक्क्यांची चूक साध्या बोल्टला जाणवत नाही, लांब स्क्रूला मात्र बाधते.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत हे गुणोत्तर प्रोग्रॅममध्ये असते, आणि सगळी कसोटी तिथल्या भागाकाराची. समजा लीडस्क्रूची पिच 3 मिमी आहे, मोटर एका फेऱ्यात 1600 स्टेप घेते आणि आटे 1.25 मिमीचे पाडायचे आहेत. स्पिंडलच्या प्रत्येक फेऱ्याला 666 पूर्ण स्टेप आणि वर दोन-तृतीयांश स्टेप लागते. ही बाकी दर फेऱ्याला सोडून दिली, तर 50 मिमी लांबीत 0.05 मिमीची तूट साठते. म्हणून चांगला प्रोग्रॅम पूर्णांकांतच हिशेब करतो आणि बाकी पुढे नेतो. जॅक ब्रेझनहॅम यांनी 1962 मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरवर रेषा काढण्यासाठी जी रीत बसवली, तिचेच हे तत्त्व. वेगही सांभाळावा लागतो: फेऱ्याला 4096 काउंट (मोजणीचे सिग्नल) देणारा एन्कोडर 1000 आरपीएमला सेकंदाला 68 हजारांवर काउंट पाठवतो. त्यामुळे काउंट मोजणारे हार्डवेअर आतच असलेली चिप घेणे शहाणपणाचे.

मोटरने स्टेप चुकवल्या तर आटे बिघडतात. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क घटतो, म्हणून बरेच जण क्लोज्ड-लूप (स्वतःची जागा तपासून चूक सुधारणारी) मोटर निवडतात. आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (टूल वाहणाऱ्या कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडमीट होणारा नट) मिटलेलाच ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. प्रत्येक पासच्या (कापाच्या फेरीच्या) शेवटी टूल मागे घेऊन स्पिंडल उलटे फिरवले की कॅरेज आल्या वाटेने परत येते.

किट विकणाऱ्याची खरी परीक्षा बोर्डात नसते, ब्रॅकेटमध्ये असते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन लेथमध्येही स्पिंडलचे मागचे टोक, झाकणाची जागा किंवा लीडस्क्रूचा व्यास वेगळा निघतो. म्हणून काही जण फक्त बोर्ड, एन्कोडर आणि डिस्प्ले देतात, तर काही जण ठरावीक मॉडेलपुरते ब्रॅकेट, टायमिंग बेल्ट आणि पुलीही पुरवतात. दुसरी डोकेदुखी व्हीएफडीच्या (स्पिंडलच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) विद्युत गोंगाटाची: शील्ड केलेली केबल आणि डिफरन्शियल सिग्नल (दोन तारांवर उलट जोडीने पाठवलेले) नसले, तर एन्कोडरचे काउंट भरकटतात आणि ग्राहक दोष बोर्डाला देतो. वायरिंगचा स्वच्छ नकाशा आणि लीडस्क्रूची पिच, एन्कोडरचे काउंट, बेल्टचे गुणोत्तर कुठे भरायचे हे सांगणारी पुस्तिका यांवर घेतलेली मेहनत म्हणूनच वाया जात नाही. प्रोग्रॅम मुक्त-स्रोत असेल, तर विक्रीला सहसा आडकाठी नसते, पण परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखालचा प्रोग्रॅम बदलून किटमध्ये घातला, तर बदललेला सोर्स कोडही ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक असते.