बंदुकांसाठी सफाईद्रव्ये व वंगणे

बंदुकीची नळी, चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि हलणारे भाग यांवरचा मळ काढणे, त्यांचे घर्षण कमी करणे व गंज रोखणे यांसाठी वापरली जाणारी द्रव्ये. ही तिन्ही कामे एकमेकांना फारशी मानवत नाहीत. मळ सोडवणारा द्रव पातळ आणि फटीत शिरणारा लागतो, वंगण घासल्या जाणाऱ्या जागी टिकावे लागते, तर गंजरोधक थर महिनोन्महिने हलता कामा नये. म्हणून बाटलीवरच्या नावाआधी मळ कशाचा आहे, हे पाहावे लागते.

पोटॅशियम नायट्रेट, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूपासून, ती जळल्यावर, वजनाने निम्म्याहून अधिक घन पदार्थ तयार होतात. काही धुरावाटे जातात, उरलेले नळीला चिकटतात. यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, पण पाण्यात सहज विरघळतात. त्यामुळे अशा बंदुकीसाठी साबणाचे गरम पाणी आजही उत्तम ठरते; महागड्या सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची) गरज पडत नाही. खनिज तेल मात्र या काजळीत मिसळून डांबरासारखा राप तयार करते, म्हणून इथे मेण, चरबी किंवा वनस्पतिजन्य तेल वापरतात. १८५७ मध्ये वादाचे कारण ठरलेली एन्फील्ड काडतुसांवरची चरबी याच प्रकारातली होती.

१८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू तयार केली आणि काजळी एकदम कमी झाली. गंज मात्र थांबला नाही, कारण त्याचे मूळ आता प्रायमरमध्ये, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीत, होते. त्यातल्या पोटॅशियम क्लोरेटपासून स्फोटानंतर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे खाण्याच्या मिठाचेच भावंड. ते तेलात विरघळत नाही. वर कितीही तेल चोपडले तरी खाली गंज चढतच राहतो. ब्रिटिश सैनिक ली-एन्फील्ड रायफलच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत, ते यासाठीच. पाण्याबरोबर मीठ वाहून जाई आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. मग तेलाचा हात. सोव्हिएत सैनिकांच्या किटमधली तेलाची डबी दोन कप्प्यांची असे, एकात अल्कधर्मी द्रावण आणि दुसऱ्यात तेल. अमोनियामुळे हे मीठ ‘मारले’ जाते, असा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात काम करते ते त्या मिश्रणातले पाणी. आजचे बहुतेक प्रायमर असे क्षार सोडत नाहीत, पण जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसे वापरणाऱ्याने पाणी टाळून चालत नाही.

गोळीवरच्या तांबेमिश्रित आवरणाचा थर नळीतल्या पेचदार खाचांत बसतो आणि नेम बिघडवतो. त्यावर अमोनियायुक्त सॉल्व्हंट लागते. चिंधी निळी-हिरवी निघाली की तांबे सुटते आहे असे समजावे. ब्रश ब्राँझचा असेल तर त्याचेच तांबे विरघळून तोच रंग येतो आणि नळी स्वच्छ असूनही माणूस घासत बसतो. इथे नायलॉनचा ब्रश बरा. निकेलचा मुलामा असलेल्या हत्याराला अमोनिया लावू नये. मुलाम्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. तो सुटला की वरचे निकेल सोलवटते. १९०३ पासून मिळणाऱ्या ‘हॉपीज नंबर ९’ या सॉल्व्हंटला केळ्यासारखा वास येतो, तो अमाइल ॲसिटेटचा. शिशाच्या थरावर रसायनांपेक्षा घासण्याचाच अधिक उपयोग होतो.

वंगणात साधारण नियम असा, की फिरणाऱ्या भागाला तेल आणि भार घेऊन सरकणाऱ्या भागाला ग्रीस. अमेरिकी एम१ गॅरंड रायफलमधले तेल पावसात धुऊन जाई, म्हणून तिच्या सरकत्या भागांसाठी ग्रीस द्यावे लागले. कडाक्याच्या थंडीत उलटे होते: घट्ट ग्रीस आखडते आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मंदावतो. तिथे अगदी पातळ तेल किंवा ग्रॅफाइटसारखे कोरडे वंगण लागते. सफाई, वंगण व संरक्षण एकाच बाटलीत देणाऱ्या तेलांना ‘सीएलपी’ म्हणतात. ती सोयीची असली तरी तडजोडच. तांब्याच्या जुन्या थरापुढे त्यांचे फारसे चालत नाही. ‘डब्ल्यूडी-४०’ हे १९५३ मधले उत्पादन मुळात पाणी हटवण्यासाठी बनले. भिजलेल्या बंदुकीवर ते कामाचे आहे, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, त्यामुळे टिकाऊ वंगण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. स्वयंपाकाचे तेल तर नकोच. हवेने ते चिकट होते आणि यंत्रणा जाम करते.

साफसफाईकडे दुर्लक्ष झाल्याचे ठळक उदाहरण व्हिएतनाम युद्धातल्या एम१६ रायफलचे. तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता, सफाईचे संच अपुरे होते, काडतुसातली दारू बदलली होती आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. पुढे क्रोमचे चेंबर आले, पुरेसे संच आले आणि सैनिकांसाठी चित्रकथेच्या रूपातली देखभाल-पुस्तिकाही आली. दोष एकट्या तेलाचा नव्हता, पण तेल आणि ब्रश वेळेवर हाती असते तर बरेच टळले असते.

तेल जास्त झाले तरी घातच. त्यात धूळ बसून घासणारा लगदा होतो. फायरिंग पिनच्या (प्रायमरवर ठोका देणाऱ्या सुईच्या) पोकळीतले तेल काजळी धरते आणि पिनेचा ठोका कमजोर करते. झिरपणारे तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये शिरून तो निकामी करू शकते. ॲसिटोनसारखी तीव्र सॉल्व्हंट प्लॅस्टिकचे भाग व लाकडावरचे पॉलिश खराब करतात.

सफाईपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून काडतुसे दुसऱ्या जागी ठेवतात. बरीच सॉल्व्हंट ज्वालाग्राही असतात आणि काजळीत शिसे असते. त्यामुळे खेळती हवा व हातमोजे लागतात आणि नंतर हात साबणाने धुवावे लागतात. दीर्घ साठवणीसाठी कॉस्मोलीनसारखा मेणचट थर देतात. तो काढायला उष्णता व रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट लागते. कातडी म्यानात बंदूक ठेवून देऊ नये, कारण कातडे ओलावा धरून ठेवते. पुन्हा वापरण्याआधी नळी व चेंबर कोरड्या चिंधीने पुसतात, कारण आत साचलेल्या तेला-ग्रीसमुळे गोळी सुटताना दाब धोकादायक वाढू शकतो.